आधीच्याची साखर

सोमवार, ९ सप्टेंबर २०१३, एर्लांगेन, जर्मनी

लंच ब्रेक. श्लॉसगार्टन बागेतल्या बाकावर बसून लिहिते आहे. डब्यात कालची खिचडी, तीही गार. वही लिहायची सवय मला कधीच नव्हती. पण हल्ली डोक्यात इतकं साचतं की कुठेतरी ओतल्याशिवाय गत्यंतर नाही.

ऑफिसात मी फ्राउ मेश्राम. उर्जाच्या हॉर्टमध्ये, म्हणजे शाळा सुटल्यावर ती जिथे थांबते तिथे, मी नुसती 'उर्जाची आई'. वर्ध्याला सासरी मी 'उज्ज्वलची'. धम्मदीपा अशी हाक मारणारा एकच माणूस आहे. तो वाल्डॉर्फला एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करतो आणि दर शुक्रवारी तीन गाड्या बदलून नवरा म्हणून घरी येतो.

मला ही नोकरी लागली जूनमध्ये. उर्जाच्या वेळी सोडलेलं काम सात वर्षांनी पुन्हा हाती आलं. प्रोबेत्साइट, म्हणजे 'ठेवायचं की नाही ते बघू' हा काळ, नोव्हेंबरअखेर संपतो. उज्ज्वलचं आणि माझं ठरलं आहे: मला कायम केलं तर तो इकडे नोकरी शोधणार. नाही केलं तर जानेवारीत मी आणि उर्जा वाल्डॉर्फला. तिथे मी दिवसभर काय करणार हे कुणी विचारलं नाही. वाल्डॉर्फ वाईट नाही, शतावरीची भाजी छान मिळते म्हणतात. पण पगाराच्या चिठ्ठीवर माझं नाव छापून आलं तेव्हा मी ती ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन पुन्हा वाचली होती. ही नोकरी मला हवी आहे.

कंपनी छोटी. डॉक्टरांच्या प्राक्सिससाठी, म्हणजे दवाखान्यांसाठी, वेबसाइट चालवतो. पेशंटने घरून अपॉइंटमेंट घ्यायची. नाव, तक्रार, अॅलर्जी वगैरे भरायचं. सोमवारी सकाळी अख्ख्या फ्रांकेनची, म्हणजे आमच्या या भागाची, एकदम पाठ दुखू लागते आणि आमची साइट आचके देते. कारण समोरच्या टेबलावरच्या येन्सने आठ वर्षांपूर्वी लिहिलेली स्क्रिप्ट. पेशंटच्या प्रत्येक क्लिकला सर्व्हर ती स्क्रिप्ट नव्याने उठवतो. ती डोळे चोळते, आपली सगळी सामग्री गोळा करते, डेटाबेसशी ओळख करून घेते, एक पान देते आणि मरते. पुढच्या क्लिकला पुन्हा जन्म. टपरीवाल्याने प्रत्येक गिऱ्हाइकासाठी नवी शेगडी पेटवायची, एक कट चहा करायचा आणि शेगडी फेकून द्यायची, असला कारभार.

आज आमचे साहेब हेर प्रेल म्हणाले, "फ्राउ मेश्राम, हे आता तुम्ही बघा." बघा म्हणजे स्क्रिप्ट एकदाच उठवायची आणि जागीच ठेवायची. चार प्रोसेस कायम पेटत्या. पेशंट आला, उत्तर दे, पुढचा घे. मधे मरायचं नाही.

मला जमेल. जमायलाच पाहिजे.


रविवार, १५ सप्टेंबर

उज्ज्वल आत्ताच स्टेशनवर गेला. उर्जा खाली सायकल फिरवते आहे.

त्याला घरात रुळवण्यातच माझा अर्धा शनिवार जातो. उर्जाच्या नव्या बाईंचं नाव काय, पिवळी पिशवी कचऱ्यात कुठल्या दिवशी, ती टोमॅटो खात नाही हे केव्हापासून. काल चहा करताना:

"गाळणी कुठे आहे?"

"गेल्या शुक्रवारी होती तिथेच."

"गेल्या शुक्रवारी कुठे होती?"

मी हसले नाही. तो हसला. बिचारा आठवडाभर कँटीनमध्ये जेवतो, त्याला गाळणीचं काय देणंघेणं. रविवारी दुपारी कुठे आम्ही नवरा-बायकोसारखे भांडायला लागतो, तर त्याची गाडीची वेळ होते. पुढच्या शुक्रवारी पुन्हा गाळणीपासून सुरुवात.

तो जायच्या आधी स्काइपवर वर्ध्याच्या आईंशी बोललो. सासूबाईंची, म्हणजे गयाबाईंची नजर तीक्ष्ण.

"जय भीम, आई."

"जय भीम. काहून वो, चेहरा असा उतरला तुहा?"

"कॅमेरा खराब आहे, आई."

"कॅमेऱ्यात उज्ज्वल तर बरा दिसून राह्यला."

मग त्यांनी अर्धा तास शेजारणीच्या गुडघ्याचं सांगितलं. मी हो हो म्हणत मनात कोड लिहीत होते.


मंगळवार, २४ सप्टेंबर

झालं! काल सकाळी चालू केलं. सोमवार असूनही साइट हूं की चूं न करता चालली. पान उघडायला जिथे श्वास रोखून बसावं लागायचं, तिथे आता बोट उचलायच्या आत पान हजर. एका प्राक्सिसने तर फोन करून विचारलं, आज पेशंट कमी आहेत का?

हेर प्रेल माझ्या टेबलापाशी आले, स्क्रीनकडे बघितलं, नाक खाजवलं आणि म्हणाले, "बास्द शो." म्हणजे 'ठीक आहे'. नवी होते तेव्हा मला हे ऐकून वाईट वाटलं असतं. आता कळतं, फ्रांकेनचा माणूस याच्यापुढे कौतुक करत नाही. लग्नात बायकोलाही एवढंच म्हणत असेल.

येन्स म्हणाला, "माझी स्क्रिप्ट साधी होती, पण कधी चुकली नाही." म्हणू दे.

घरी शिरा केला. उर्जाने दोनदा घेतला. मी आनंदात असायला हवी होते, आणि होतेही, पण जेवणाच्या टेबलावरच डोळे मिटले.


शुक्रवार, ४ ऑक्टोबर

डोकं दुखतं. काल सुट्टी होती, कपडे धुतले, इस्त्री केली, आज तरीही दुखतं.

सकाळी उर्जाला "येन्स, बूट घाल" म्हणाले. तिला हसू आलं. मला नाही आलं.

उज्ज्वलच्या कंपनीत नव्या सॉफ्टवेअरचा रिलीज आहे, येणार नाही.


बुधवार, ९ ऑक्टोबर

हालेनबाड, म्हणजे छताखालचा तलाव. उर्जाचा पोहण्याचा क्लास. मी काठावरच्या बाकावर, क्लोरिनचा वास, चष्म्यावर वाफ. लिहायला हीच एक निवांत जागा उरली आहे.

नवी भानगड. चारही प्रोसेस फुगतायत. प्रत्येक पेशंटनंतर अगदी थोडंसं काहीतरी आत राहून जातं, परत दिलं जात नाही. एकेकदा बघितलं तर काहीच नाही, भाकरीच्या पिठाची चिमूट. पण थांबणं नाही म्हटल्यावर साचत जातं. आधी काम हळू होतं, मग एक दिवस प्रोसेस उत्तरच देत नाही. मेलेली नसते. जिवंत असते, जागेवर असते, फक्त बोलत नाही.

गंमत म्हणजे प्रोसेसची तब्येत तपासणारी आमची यंत्रणा दर मिनिटाला तिला विचारते, "कशी आहेस?" ती म्हणते, "ठीक." अगदी शेवटपर्यंत ठीकच म्हणते. कारण 'ठीक' म्हणायला काहीच शक्ती लागत नाही. त्यामुळे कुणाला पत्ता लागत नाही, आणि तिच्याकडे आलेला पेशंट ताटकळत बसतो.

सध्या मीच रोज सकाळी हाताने बंद करून चालू करते. उर्जाची बॅग, डबा, बस, आणि हे.

पाण्यातून उर्जा काहीतरी दाखवते आहे, हात वर करून. मीही हात केला. शिकवणाऱ्या बाईही हसून बघतायत. छान आहेत त्या.

तर साचतं कुठे? बाहेरून घेतलेल्या तयार कोडच्या लायब्ररीत की येन्सच्या कोडमध्ये? येन्सचा कोड मरण्यासाठीच लिहिलेला होता, त्यामुळे त्याने मागचं आवरायचा कधी विचारच केला नाही. मेल्यावर सगळं आपोआप साफ होतं.


मंगळवार, १५ ऑक्टोबर

तोंडचं पाणी पळालं आहे.

सकाळी एका प्राक्सिसमधून फ्राउ वाइगेलचा फोन. त्या तिथे रिसेप्शनला असतात. म्हणाल्या, "आज तीन पेशंट ओळीने आले, तिघांच्या माहितीत लिहिलंय पेनिसिलिनची अॅलर्जी. तिघंही म्हणतात, आम्हाला नाही. एक आजोबा तर चिडले, हे कुणी ठरवलं म्हणून." मग थोडं थांबून म्हणाल्या, "फ्राउ मेश्राम, आम्ही विचारतो म्हणून कळलं. सगळीकडे विचारत असतील का?"

एकाची माहिती दुसऱ्याच्या नावावर. ज्याला खरंच औषध हवं त्याला डॉक्टर ते देणार नाही. आणि पेशंटची माहिती इकडची तिकडे जाणं म्हणजे जर्मनीत केवढं पाप, ते वेगळं.

मी दिवसभर तपासलं. खोट्या नावांचे शंभर पेशंट तयार करून पाठवले, सगळ्यांचं सगळं बरोबर. पुन्हा पाठवले, पुन्हा बरोबर. एकाचंही दुसऱ्याला गेलं नाही.

हेर प्रेलनी दार लावून घेतलं. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"आल्झो, तर आत्ता आपण जुनी पद्धत परत लावतो. पुढच्या मंगळवारपर्यंत तुम्हाला कारण सापडलं तर चांगलं. नाही सापडलं तर..." त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. "नोव्हेंबरमध्ये आपल्याला बोलायचंच आहे."

येन्स एवढंच म्हणाला, "आठ वर्षांत असं कधी झालं नव्हतं." खरं आहे. आणि त्याच्या आवाजात आनंद नव्हता, हे जास्त लागलं.

घरी आल्यावर उज्ज्वलला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "वाईटात वाईट काय होईल? इकडे याल. एकत्र राहू." त्याने प्रेमानेच म्हटलं. मी फोन ठेवला.


रविवार, २० ऑक्टोबर

सापडलं! सापडलं!

उज्ज्वल याही आठवड्यात आला नाही. कालपासून मी लॅपटॉपसमोर. सकाळी येन्सचा मेसेज आला की जुन्या पद्धतीमुळे उद्या साइट पुन्हा झोपणार, हेर प्रेल वैतागलेत. मी वाचला. बोलायचं कुणाला? इतक्यात उर्जा दारात येऊन उभी राहिली. हातात मोजे. काही मागितलं नाही, काही बोलली नाही. आणि मी सुरू झाले. "आधी सांगता येत नाही का? शेवटच्या दिवशी उघडं पाडायचं? सगळं मीच बघायचं, आणि वर आठ वर्षांत असं झालं नव्हतं म्हणायचं?"

उर्जा सात वर्षांची आहे. तिच्या आठ वर्षांत काय व्हायचं होतं?

तिने सगळं ऐकून घेतलं आणि अगदी शांतपणे म्हणाली, "आई, दास वार इश गार निश्ट." मी नव्हतेच ती. मग जर्मनमध्येच म्हणाली, तू दुसऱ्याच कुणालातरी रागावतेयस, मी तर काहीच बोलले नव्हते.

आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

काहीच बोलले नव्हते! आधीच्या पेशंटने अॅलर्जीच्या रकान्यात 'पेनिसिलिन' लिहिलं. पुढच्याने तो रकाना रिकामा सोडला. स्क्रिप्ट म्हणते, काही लिहिलं असेल तर जुनं पुसून ते ठेव. काही लिहिलंच नाही, तर जुनं पुसायचं कुणी? पूर्वी स्क्रिप्ट प्रत्येक वेळी मरत होती, म्हणून जुनं असं काही नसायचंच. आता ती जगते, तर आधीच्याचं गप्प बसलेल्याच्या माथी. शेगडी पेटती ठेवली ते ठीक, पण पातेलं विसळायचं राहिलं. ज्याने बिनसाखरेचा मागितला त्याच्या कपात आधीच्याची साखर.

मी उडीच मारली. उर्जाची पापी घेतली, "तू जीनियस आहेस" म्हटलं, आणि लॅपटॉपकडे वळले. चूक दोन ओळींची होती. करून बघितलं: एक भरलेला फॉर्म, एक रिकामा. पेनिसिलिन! दुरुस्त केलं, पुन्हा बघितलं. रिकामा तो रिकामाच.

जीव भांड्यात पडला. उर्जा मोजे घेऊन बराच वेळ दारातच होती. मग तिच्या खोलीत गेली आणि फोनवर पापाशी बोलत बसली, खूप वेळ. बरं झालं, तेवढ्यात माझं काम उरकलं.


मंगळवार, २२ ऑक्टोबर

हेर प्रेल, येन्स आणि मी. सगळं समजावून सांगितलं. येन्सने डोक्याला हात लावला. "आणि तुझ्या शंभर पेशंटमध्ये एकालाही कसं झालं नाही?"

हे सांगायची मला लाज वाटली, पण सांगितलं. माझे सगळे खोटे पेशंट आज्ञाधारक होते. प्रत्येकाने प्रत्येक रकाना भरला होता. अॅलर्जी नसेल तर 'नाही' लिहिलं होतं. मला रिकामी जागा सोडताच येत नाही. एका वर्षी माझा शिष्यवृत्तीचा फॉर्म एक रकाना कोरा राहिला म्हणून परत आला आणि बाबा रजा टाकून पुन्हा तालुक्याला गेले. तेव्हापासून आमच्या घरात नियम झाला: लागू नसेल तर 'लागू नाही' लिही, पण लिही. कोरं दिसलं की कचेरीतल्यांना परत पाठवायला निमित्त मिळतं. बाबांनी, सुखदेव वानखेडेंनी, लग्नपत्रिकेच्या नमुन्यातसुद्धा कोरी जागा सोडली नव्हती. आणि इथला माणूस बिनधास्त अर्धा फॉर्म मोकळा ठेवून पुढे जातो. त्याला कुणी परत पाठवत नाही. मी शंभर पेशंट बनवले आणि शंभरही माझ्यासारखेच झाले.

येन्स हसला नाही. म्हणाला, "म्हणजे उलट मी तपासलं असतं तर लगेच सापडलं असतं. मी कधीच काही भरत नाही."

मग फुगण्याचा प्रश्न. त्यावर मी तोडगा काढला आहे.

"प्रत्येक प्रोसेसने पाचशे पेशंट झाले की हातातलं काम पुरं करायचं आणि थांबायचं. तिच्या जागी नवी येईल, मोकळ्या डोक्याची."

हेर प्रेलना पटेना. "चांगली चालत असताना थांबवायची?"

"चांगली चाललेय असं तीच सांगते. त्यात तिचं ऐकायचं नसतं."

"आणि पेशंट?"

"कळतही नाही. एक थांबली तरी बाकी तिघी सांभाळतात. एकटीच असती तर मात्र कठीण होतं."

"गेनाऊ, बरोबर," ते म्हणाले. "एकटीला थांबवायचं कुणी."

शेवटी म्हणाले, नवीन पद्धत परत लावा, पण थोडे आठवडे शनिवार-रविवारीही तुम्हीच लक्ष ठेवा, फोन जवळ असू द्या. मी हो, हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? नोव्हेंबर जवळ आला आहे.

संध्याकाळी आनंद व्हायला हवा होता. भाजी चिरताना मी सुरी हातात धरून उभी होते, किती वेळ कोण जाणे. उर्जाने विचारलं, "आई, अल्लेस गूट?" म्हटलं, हो, ठीक.


गुरुवार, २४ ऑक्टोबर

काल काय झालं ते नीट लिहून ठेवते.

ऑफिस सुटल्यावर बसमध्ये बसले, खिडकीशी. उर्जाला हॉर्टमधून घेऊन पोहायला न्यायचं होतं. झोपले नव्हते. डोळे उघडे होते. स्टॉप एकेक करून गेले, माझाही आला, दार उघडलं, मिटलं. उतरायला हवं हे मला माहीत होतं. फक्त उठता येत नव्हतं. शेवटी ड्रायव्हर जवळ येऊन म्हणाला, "एंडश्टात्सिओन." शेवटचा स्टॉप, सगळी बस रिकामी. त्याने विचारलं, ठीक आहात ना? मी म्हटलं, ठीक.

परत फिरून धावत हॉर्टला पोचले तर बाई खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवत होत्या. "उर्जा? तिला पापा घेऊन गेले. पोहायला."

बुधवारी पापा? पापा बुधवारी वाल्डॉर्फला असतात! पायाखालची जमीन सरकली. हालेनबाडपर्यंत पळत गेले.

बाकावर, माझ्या जागेवर, उज्ज्वल बसला होता. ऑफिसच्या शर्टात, पायात ते निळे प्लास्टिकचे जोडे. उर्जा पाण्यात.

"तू इथे कसा?"

"आधी बस."

बसले. दम लागला होता. तो पाण्याकडेच बघत म्हणाला, "हिला झेफेर्डशेन मिळालं, मला सांगितलं नाहीस."

झेफेर्डशेन म्हणजे पोहणाऱ्या मुलांचा पहिला बिल्ला, समुद्रघोड्याचा. उडी मारायची, पोहून पलीकडे जायचं, तळातली रिंग काढायची. इथल्या मुलांच्या आयुष्यातली ती पहिली मोठी परीक्षा.

"मिळालं? कधी?"

त्याने आता माझ्याकडे बघितलं. "दोन आठवडे झाले, धम्मदीपा. तू इथेच होतीस म्हणे. ती रिंग घेऊन वर आली, तुला दाखवली. तू हात केलास."

बिल्ला पोहायच्या बॅगच्या पुढच्या कप्प्यात होता, छोट्या पिशवीत, शिवायचा राहिलेला. ती बॅग दर बुधवारी मीच भरते.

मला रडू फुटलं. भोवती ओली पोरं, त्यांच्या आया, आणि मी ढसाढसा. उज्ज्वलने टॉवेल पुढे केला, तोही ओलाच.

"रविवारी तिचा फोन आला," तो म्हणाला. "म्हणाली, पापा, आई उत्तर देत नाही. मला वाटलं तू मोबाइल उचलत नाहीयेस. म्हटलं, घरातल्या फोनवर करतो. तर म्हणाली, नाही पापा, ती इथेच आहे, माझ्यासमोर. विचारलं की ठीक म्हणते. पण उत्तर देत नाही."

याच बाकावर बसून मी हे लिहिलं होतं. बोटाने पानं उलटून बघितली, शब्दन् शब्द. कुणाबद्दल लिहितेय तेवढंच माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"सोमवारी मी साहेबाला विचारलं," तो पुढे म्हणाला. "माझी एल्टर्नत्साइट शिल्लक आहे. बापाची रजा. मूल आठ वर्षांचं होईपर्यंत घेता येते. ते हो म्हणाले. फेब्रुवारीत उर्जाचा वाढदिवस येईपर्यंत मी घरी. ती रजा डिसेंबरात सुरू होते, तोवर सुट्ट्या टाकून बुधवारपासून रविवारपर्यंत इथे."

"आणि तुझी नोकरी?"

"ती थांबेल थोडी. तुझी थांबायला नको."

"मला कायम करतील की नाही ते अजून..."

"तुला ठेवलं म्हणून मी येत नाहीये," तो म्हणाला. "तू उत्तर देत नाहीस म्हणून येतोय. आज तर तू बसमधून उतरलीही नाहीस."

बसचं मी त्याला सांगितलं आहे, हे मला माहीतच नव्हतं. नंतर कळलं, रडता रडता तेच सांगितलं होतं. मला आठवत नाही.

आज रजा काढली. दुपारी झोपले ती संध्याकाळी उठले. स्वयंपाकघरातून आवाज येत होते. उज्ज्वल उर्जाला विचारत होता, "गाळणी कुठे आहे?" आणि उर्जा जर्मनमध्ये त्याला समजावत होती. मी उठले नाही.


बुधवार, ४ डिसेंबर

पुन्हा बाकावर. ही वही मधे पडूनच राहिली. लिहिण्यासारखं काही साचलं नाही.

शुक्रवारी हेर प्रेलनी बोलावलं. टेबलावर कायमच्या नोकरीचा करार, त्यांची सही अजून व्हायची होती. सोबत एक फॉर्म, माझी माहिती. नाव, पत्ता, बँक, विमा. सगळं भरलं. शेवटचा रकाना: 'कामाच्या वेळेबाहेर, शनिवार-रविवारी, संपर्कासाठी फोन.' पेन तिथे नेलं. आयुष्यात कधी रकाना सोडला नाही. बाबा आठवले, तालुक्याच्या रांगेत उभे असलेले. भीती वाटली, खोटं कशाला सांगू. कारण करारावर सही नव्हती.

पेनाला टोपण लावलं आणि कागद सरकवला.

हेर प्रेलनी चष्मा वर केला. "फ्राउ मेश्राम, इथे काही राहिलंय."

"नाही, राहिलेलं नाही. रिकामंच आहे."

"आणि शनिवारी सर्व्हर बसला तर?"

"आपण सर्व्हर सांभाळणारे चौघं आहोत. पाळ्या लावा. त्यात माझीही लावा, चारातली एक. रोजची नाही."

ते कागदाकडे बघत राहिले. बाहेर येन्सच्या कॉफी मशीनचा आवाज. मला वाटलं, परत येणार हा फॉर्म. वाल्डॉर्फ, शतावरी, सगळं डोळ्यांपुढून गेलं. पण मी पेन परत उघडलं नाही.

मग त्यांनी करार ओढला, सही केली आणि म्हणाले, "बास्द शो."

संध्याकाळी वर्ध्याला फोन लावला. गयाबाई स्क्रीनला नाक लावून बघत म्हणाल्या, "कॅमेरा दुरुस्त केला वाटते." हो म्हटलं, आई, उज्ज्वलने केला.

समुद्रघोडा उर्जाच्या पोहायच्या कपड्यावर आहे. उज्ज्वलने शिवलाय, तिरका. तो आज घरी पोळ्या करतोय, त्याही तशाच होणार. उर्जाने दोनदा बजावलंय की पुढच्या बिल्ल्यासाठी खोल पाण्यातून रिंग काढायची आहे, आणि आई, तू लिहू नकोस.

ती फळीवर चढली आहे. इकडे बघते आहे. वही मिटते.